कम्युनिटी कॉलेजात सुतारकाम, वायरिंग, प्लंबिंग शिकायचंय? कॅलिफोर्नियात नवीन आलेल्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, की इथे घर घेतलंय आणि साधा नळ बदलायला प्लंबर बोलावला तरी खिशाला भोक पडतं, हे शिकायला मिळतं का कुठे, किंवा नवरा आयटीत आहे, माझा सिव्हिलचा डिप्लोमा आहे, घरी बसून कंटाळा आलाय, काय करता येईल. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं, जवळचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्वस्तातलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, बघा. मी स्वतः संध्याकाळचे क्लास करत करत या लाइनीत आले, त्यामुळे काय कुठे अडतं ते बऱ्यापैकी माहितीय. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे हं, न्यू जर्सी किंवा टेक्सासवाल्यांनी फी आणि लायसन्सचे नियम आपापल्या स्टेटचे बघावेत, ते खूपच वेगळे असतात.

कॅलिफोर्नियात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि स्टेटच्या रेसिडेंटला फी आहे एका युनिटला ४६ डॉलर (क्लास किती मोठा ते युनिटमध्ये मोजतात). म्हणजे ३ युनिटचा सुतारकामाचा क्लास १३८ डॉलरला पडतो, वर हेल्थ फी, पार्किंग असलं किरकोळ काहीतरी. हेच शिकवणाऱ्या प्रायव्हेट ट्रेड स्कूल हजारो डॉलर घेतात आणि जाहिराती अशा करतात की जणू दुसरीकडे कुठे मिळतच नाही. नॉनक्रेडिट, म्हणजे ज्याचे युनिट मिळत नाहीत असा, क्लास असेल तर फीच नाही. सॅन फ्रान्सिस्को शहरात राहत असाल तर तिथल्या सिटी कॉलेजची २०१७ पासून 'फ्री सिटी' ही फी माफीची योजना आहे. ओकलंडचं लेनी कॉलेज सुतारकाम आणि वूड टेक्नॉलॉजीसाठी बे एरियात माहितीचं आहे, आणि एलएकडे असाल तर लॉस एंजेलिस ट्रेड-टेक, ते तर १९२५ पासून हेच शिकवतंय. अ‍ॅडमिशनला बारावीचे मार्क वगैरे काही लागत नाहीत, १८ पूर्ण असलं की झालं. डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची त्याचा कागद, करून आणायच्या मागेही आत्ता लागू नका, नुसत्या क्लाससाठी त्याची गरज नाही.

आता मुद्द्याचं. अर्ज भरायच्या आधी एक गोष्ट ठरवा, की शिकून तुम्हाला नक्की काय करायचंय. हे मी उगाच समुपदेशन केल्यासारखं बोलत नाहीये, इथे खरंच रस्ते वेगळे होतात. घरातली कामं स्वतः करायची असतील तर एक-दोन क्लास पुरतात, सर्टिफिकेट पूर्ण करायची काही गरज नाही, आणि स्वतःच्या घरासाठी मालक म्हणून तुम्ही सिटीकडून परमिटही स्वतः काढू शकता. नोकरी करायची असेल तर कॉलेजच्या सर्टिफिकेटपेक्षा तुमचे कामाचे तास किती हे जास्त विचारलं जातं, आणि ते तास कॉलेजात नाही, साइटवर मिळतात. आणि स्वतःचा धंदा करायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, ते तर तासांशिवाय नाहीच. आपल्या लोकांना सर्टिफिकेट जमवायची भारी हौस असते, एक संपलं की दुसरं, फाइल जाडजूड. इथे ती फाइल कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. कॉलेज तुम्हाला साइटवर उभं राहण्याइतकं तयार करतं, त्यापुढचं साइटवरच.

म्हणून व्हिसाचं आधी बघा, कारण शिकायला परवानगी असणं वेगळं आणि काम करायला असणं वेगळं. एच-४ वर, म्हणजे एच-१ वाल्याचे नवरा-बायको म्हणून, असाल तर बिनधास्त शिका, पार्टटाइम काय, फुलटाइम काय, त्यासाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून घ्यावा लागतो हा एक गैरसमज पसरलेला आहे. पण एच-४ वर ईएडी म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड नसेल तर पगारी काम नाही, आणि अप्रेंटिसशिप हे पगारी कामच असतं, शिकाऊ म्हटलं तरी. एच-१ वाल्याचं आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालेलं असेल तर ईएडीला अर्ज करता येतो. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या, नवरा-बायकोला कामाची परवानगी व्हिसासोबतच असते. एफ-१ वाल्यांनी एकही क्लास टाकायच्या किंवा काढायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, तिथे सेमिस्टरला १२ युनिटचं बंधन आहे. आणि सहा महिन्यांसाठी आलेले बाबा, ज्यांना दिवसभर काहीतरी ठोकाठोकी करायची असते, त्यांना व्हिजिटर व्हिसावर या कोर्सला बसवता येत नाही, त्यांना घरच्या गॅरेजमध्येच रमू द्या.

अर्ज ऑनलाइन, सीसीसीअप्लाय नावाच्या साइटवर, फुकट. त्यात राहण्याबद्दलचे प्रश्न असतात ते घाईघाईत भरू नका, कारण तुमची फी त्यावर ठरते. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांवरून दिसावं लागतं, म्हणजे भाडेकरार, ड्रायव्हर लायसन्स, टॅक्स रिटर्न वगैरे. एच-१, एच-४, एलवाल्यांना यात रेसिडेंट धरतात, एफ-१ वाल्यांना नाही, आणि नॉन-रेसिडेंट फी या ४६ डॉलरच्या कितीतरी पट असते. पहिल्या फटक्यात सिस्टिमनं तुम्हाला नॉन-रेसिडेंट ठरवलं, तर घाबरून पैसे भरून टाकू नका किंवा नाद सोडूनही देऊ नका, अ‍ॅडमिशन ऑफिसात कागद घेऊन जा, तिथे ते बदलून मिळतं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर फाफ्सा म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरा, आणि उत्पन्न कमी असेल तर कॅलिफोर्नियाच्या प्रॉमिस ग्रँटमध्ये युनिटची फी माफ होते.

क्लास निवडताना नुसते युनिट बघून निवडू नका. इथला हिशोब असा, की लेक्चरच्या एका युनिटला सेमिस्टरभरात साधारण १८ तास वर्गात बसायचं, पण लॅबच्या एका युनिटला ५४ तास. म्हणजे २ युनिट लेक्चर आणि १ युनिट लॅब असा क्लास असेल तर कागदावर ३ युनिट आणि प्रत्यक्षात ९० तास. नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळून संध्याकाळी सहा ते दहा आठवड्यातून दोनदा शॉपमध्ये, म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, उभं राहायचं म्हणजे काय ते आधी घरी बसून बोलून घ्या. पण माझं मत विचाराल तर लॅबचे तास जितके जास्त तितका क्लास चांगला. पहिल्या सेमिस्टरला एकच हाताचा क्लास घ्या, सुतारकामाचा पहिला असेल तर उत्तम, आणि जमत असेल तर जोडीला ब्लूप्रिंट रीडिंग म्हणजे नकाशे वाचणं, कारण ते कुठल्याही ट्रेडला लागतं आणि घरी बसून अभ्यास करता येतो. सिव्हिलवाल्यांना ब्लूप्रिंट सोपं जाईल, फक्त सगळं फूट-इंचात असतं. ओशा-१० म्हणजे दहा तासांचं सेफ्टीचं कार्ड बऱ्याच कॉलेजांत पहिल्याच क्लासमध्ये करून घेतात, नसेल तर वेगळं करून घ्या, साइटवर विचारतातच.

सुतारकामाचे क्लास पटापट भरतात. वेटलिस्टवर नाव असलं तरी पहिल्या दिवशी वेळेच्या आधी जाऊन उभं राहायचं, बूट घालून, कारण रजिस्टर केलेले बरेच जण पहिल्या दिवशी येतच नाहीत आणि मास्तर तिथल्या तिथे हजर असलेल्यांना अ‍ॅड कोड देतात, म्हणजे क्लासला नाव घालायचा नंबर. ईमेल पाठवून वाट बघणाऱ्यांना सहसा मिळत नाही. क्लास झेपणार नाही असं वाटलं तर फी परत मिळायची एक तारीख असते, ती पहिल्याच आठवड्यात बघून फोनमध्ये टाकून ठेवा.

हत्यारांची खरेदी पहिल्या क्लासआधी करू नका. मोठी यंत्रं कॉलेजची असतात, आपल्याला लागतं ते म्हणजे पुढे स्टील असलेले बूट, सेफ्टी चष्मा, २५ फुटी टेप, हातोडा, स्पीड स्क्वेअर म्हणजे तो त्रिकोणी गुण्या, चॉकलाइन म्हणजे रेघ मारायची दोरी, पेन्सिली आणि कमरेचा पट्टा. नेमकी यादी मास्तर देतात आणि प्रत्येकाची आवड वेगळी असते. होम डेपोतला साधा माल पहिल्या वर्षाला चालतो, महागडे ब्रँड घेऊन मिरवणारे दुसऱ्या महिन्यात गायब झालेले पाहिलेत.

एक गोष्ट आपल्या लोकांना वेगळी सांगायला हवी, कारण ती इथल्या सेफ्टीच्या व्हिडिओत नसते. अंगठी, बांगड्या, लांब मंगळसूत्र, मनगटावरचा लाल दोरा, राखी, सगळं घरी ठेवून जायचं. दोरा शर्टाच्या बाहीत लपवणंही नको. टेबल सॉ किंवा ड्रिल प्रेससारख्या फिरणाऱ्या यंत्रात दोरा अडकला तर तो तुटत नाही, हात ओढून नेतो. याच कारणासाठी टेबल सॉवर हातमोजेसुद्धा घालत नाहीत, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. ओढणी तर नकोच नको, केस बांधलेले. काही कॉलेजांत सॉस्टॉपचा सॉ असतो, ज्याचं पातं बोट लागलं की क्षणार्धात थांबतं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही, कारण लाकूड उलटं अंगावर फेकलं जाणं, ज्याला किकबॅक म्हणतात, ते तो थांबवत नाही. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला, आणि छोटा तुकडा हाताने नाही तर पुश स्टिकने ढकलायचा.

आता शिकवतात काय. आपल्याकडे घर म्हणजे सेंट्रिंग, सळई, ओतकाम, वीट. इथे बहुतेक घरं लाकडाच्या सांगाड्याची, आत स्टड म्हणजे उभी लाकडं, बाहेरून प्लायवूड, आतून ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे पत्रे. पहिला महिना भिंतीचा सांगाडा मांडण्यात जातो आणि तिथे डोकं चांगलंच लागतं. टू बाय फोर म्हणतात तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचाचा असतो, हे आधी पचवायचं. मग स्टड एकमेकांपासून १६ इंचांवर, मध्यापासून मध्यापर्यंत. नवीन माणूस टेप लावतो आणि १६, ३२, ४८ वर खुणा करत जातो, तिथे स्टडची कड लावतो आणि पुढे ड्रायवॉलचा ४ फुटी पत्रा स्टडच्या मध्यावर येतच नाही, खिळा मारायला लाकूडच सापडत नाही. खूण करायची १५ १/४ वर, म्हणजे सव्वापंधरा, मग सव्वाएकतीस, सव्वासत्तेचाळीस, आणि फुलीची खूण रेषेच्या पुढच्या बाजूला, स्टड त्या फुलीवर बसतो. दीड इंची स्टड सव्वासत्तेचाळीसपासून पुढे ठेवला की त्याचा मध्य बरोबर ४८ वर येतो, पत्र्याची कड तिथेच संपते आणि दुसऱ्या पत्र्याला अर्धं लाकूड उरतं.

उंचीचंही तसंच. दुकानात ९२ ५/८ इंचाचे कापलेले स्टड मिळतात, आणि पहिल्यांदा बघताना वाटतं की हा काय विचित्र आकडा. खाली एक आणि वर दोन आडवी लाकडं, प्रत्येकी दीड इंच, म्हणजे साडेचार, मिळून ९७ १/८. वरच्या छताच्या ड्रायवॉलने अर्धा इंच खाल्ला, उरले ९६ ५/८, त्यात ४ फुटी दोन पत्रे आडवे बसतात आणि खाली जमिनीपासून ५/८ इंच फट राहते, जी पुढे बेसबोर्डमागे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीमागे, झाकली जाते आणि ओल वर चढत नाही. हा हिशोब एकदा स्वतः हाताने केला की पुढे अशा आकड्यांची भीती जाते.

अपूर्णांक मात्र पक्के हवेत. १/१६ पर्यंत टेप वाचता यायला हवी, आणि साडेतीनातून ७/८ वजा तोंडी करता यायला हवं. आपल्याकडचे सुतार सुतात मोजतात ते सूत म्हणजे १/८ इंच, ते ज्यांच्या कानावरून गेलंय त्यांना सोपं जातं. सेंटिमीटर डोक्यातून काढून टाका. आणि काटकोन बघायला ३-४-५ चा त्रिकोण, जो आपल्याकडचा गवंडी दोरीने करतो तोच इथेही करतात. ओळंब्याच्या जागी लेझर आलाय, पण मास्तर चांगले असतील तर आधी ओळंबा आणि पाणसळ हातात देतात.

वायरिंगवाल्यांना तर एक ताकीदच. भारतात घरात वायर बदलायची सवय असेल तर ती सवय इथे धोक्याची आहे. आपल्याकडे काळी वायर वर्षानुवर्षं न्यूट्रल, लाल फेज. इथे काळी वायर गरम, म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. म्हणजे जी वायर तुमचा हात निर्धास्तपणे पकडेल तिच्यातच १२० व्होल्ट. वर जुन्या घरांत स्विचकडे जाणारी पांढरी वायरही गरम असू शकते, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. ब्रेकर बंद करायचा, टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो चालतोय का बघायचं, मग आपल्या वायरला लावायचा, मग परत चालूवर. १५ अँपच्या ब्रेकरला १४ गेजची तार, २० ला १२ गेजची, आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे पण उलटंच. वायरिंगच्या नियमांचं कोडबुक महाग असतं, पण ते काढणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या साइटवर खातं उघडून ते फुकट वाचता येतं.

प्लंबिंगबद्दल फार लिहीत नाही, तो माझा प्रांत नाही. ड्रेनच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार आणि प्रत्येक ट्रॅपला (पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण) व्हेंट (हवेचा पाइप), एवढं कळलं तरी घरातली निम्मी दुर्गंधीची कोडी सुटतात. आणि १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंग घासायच्या आधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या, लहान मुलं असतील तर नक्कीच.

वर्गात कोण असतं? अठराची पोरं, पन्नाशीतले घरमालक, ड्रायवॉलचं काम वर्षानुवर्षं करून आता कागद मिळवायला आलेले मेक्सिकन मामा, आणि थोड्या बायका. त्या मामांच्या शेजारचा बेंच पकडा, मास्तरांपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं. इंग्रजीची फार काळजी करू नका, शॉपमध्ये बोलणं कमी आणि दाखवणं जास्त असतं, न कळलेलं विचारलं तर कुणी हसत नाही. बायकांनी ओकलंडच्या ट्रेड्सवुमेन इन्क या संस्थेकडे जरूर बघावं, या कामात बायकांना आणण्यासाठीच ती आहे. राहता राहिले पुण्या-नाशिकचे नातेवाईक, जे फोनवर विचारतात की एवढं शिकून अमेरिकेत जाऊन सुतारकाम? त्यांना इथल्या इलेक्ट्रिशियनचं एकदा बिल दाखवा.

नोकरीच्या रस्त्यावर असाल तर पहिलं सेमिस्टर संपतानाच अप्रेंटिसशिपची चौकशी सुरू करा, सर्टिफिकेट संपायची वाट बघू नका. युनियनची सुतारकामाची अप्रेंटिसशिप ४ वर्षांची, आयबीईडब्ल्यू या इलेक्ट्रिशियनच्या युनियनची ५ वर्षांची आणि ८,००० तासांची, आणि पगार पहिल्या दिवसापासून, दर टप्प्याला वाढत जाणारा. इलेक्ट्रिशियनला बीजगणित आणि इंग्रजी वाचनाची परीक्षा असते आणि हायस्कूल पास असल्याचा कागद लागतो, तर दहावी-बारावीच्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन इथे कामाला येतं. कॉलेजात एमसी-३ नावाचा प्री-अप्रेंटिसशिपचा कोर्स असेल तर तो घ्या, बिल्डिंग ट्रेड युनियननेच बनवलेला आहे, त्यामुळे त्यांना तो माहीत असतो.

युनियन नको असेल तर कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिशियनसाठी दुसरी वाट आहे, ट्रेनी कार्ड. स्टेटने मान्य केलेल्या शाळेत नाव घालायचं, ट्रेनी म्हणून नोंदणी करायची, मग सी-१० म्हणजे इलेक्ट्रिकल कामाच्या लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करता येतं. ७२० तास वर्गातले आणि ८,००० तास कामावरचे झाले की जनरल इलेक्ट्रिशियनची परीक्षा, फक्त घरांचं काम करायचं असेल तर ४,८०० तास. तुमचं कॉलेज त्या मान्य यादीत आहे का हे फी भरायच्या आधी स्टेटच्या साइटवर बघा, कॉलेजच्या फळ्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. एक माणूस माझ्याच वर्गात होता, दोन सेमिस्टर करून बसला आणि मग कळलं की तो क्लास त्या तासांत धरतच नाहीत.

स्वतःचा धंदा म्हणजे सीएसएलबी या स्टेटच्या कॉन्ट्रॅक्टर बोर्डाचं लायसन्स. त्याला मागच्या १० वर्षांतला ४ वर्षांचा पूर्ण कारागिराच्या दर्जाचा अनुभव लागतो, शिक्षणाचे जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत त्यात धरतात, पण निदान एक वर्ष हाताचं हवंच. कायद्याची एक आणि ट्रेडची एक अशा दोन परीक्षा, आणि २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे तेवढे पैसे भरायचे नाहीत, त्याचा वर्षाचा हप्ता भरायचा. तोपर्यंत मित्रांकडे, मंडळातल्या लोकांकडे छोटी कामं करायची असतील तर १ जानेवारी २०२५ पासून मर्यादा १,००० डॉलरची आहे, मजुरी आणि माल धरून, आणि तेसुद्धा परमिट लागणार नसेल आणि हाताखाली माणूस ठेवला नसेल तरच. किचनचं काम तीन तुकड्यांत दाखवून तीन बिलं करायची आयडिया कुणीतरी देईलच, ती चालत नाही.

आणि तासांचा पुरावा पहिल्या दिवसापासून ठेवा. पगाराच्या चिठ्ठ्या, डब्ल्यू-२ म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद, कुठल्या साइटवर काय काम केलं त्याची वही, आणि कॉन्ट्रॅक्टर सोडताना त्याच्याकडून सही केलेलं पत्र, कारण चार वर्षांनी तो धंदा बंद करून गेलेला असू शकतो. रोख पैसे घेऊन केलेलं काम पुढे कुठेच सिद्ध करता येत नाही, म्हणजे पैसे मिळाले पण तास गेले. फॉल सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होतं, रजिस्ट्रेशन त्याच्या कितीतरी आधी उघडतं आणि नवीन विद्यार्थ्यांची तारीख सगळ्यात शेवटी येते, तर अर्ज आत्ताच भरून ठेवा, ऑनलाइन ओरिएंटेशन पूर्ण करा, त्याने नंबर थोडा पुढे सरकतो.